बिनचिठ्ठीचा ब्लाऊज

नांदेडच्या आमच्या भागातल्या निम्म्या बायकांची मापं मला तोंडपाठ आहेत. कुणाचा उजवा खांदा उतरता आहे, कोण टेप लावताना श्वास ओढून धरते, कोण दर दिवाळीला "मागचंच माप घाल" म्हणते आणि मग हूक लागत नाही म्हणून माझ्याशीच भांडायला येते, सगळं ठाऊक. विसरलेच तर मापाची वही आहे. त्या वहीत शेजारणी आहेत, शाळेतल्या बाई आहेत, दोन नगरसेविका आहेत. एकच बाई त्या वहीत नव्हती, आणि ती म्हणजे मी.

आमचं दुकान म्हणजे घराची पुढची खोली. दोन मशिनी, कापायचं लांब टेबल, भिंतीवर आरसा. वडील गेल्यापासून दुकानात आणि घरात आम्ही दोघीच, आई आणि मी. आई टेप धरते आणि आकडे मोठ्यानं म्हणते, मी वहीत लिहिते, कारण आई चौथीपर्यंतच शिकलेली आणि तिचं अक्षर तिला स्वतःलाच लागत नाही. कापलेल्या प्रत्येक ब्लाऊजला टाचणीनं चिठ्ठी लावायची: नाव, माप, कधी हवा. बिनचिठ्ठीचं कापड टेबलावर दिसलं की आई घर डोक्यावर घेते. आणि तिचा दुसरा नियम, चिठ्ठीवर 'अर्जंट' लिहायचं नाही. नवरी रडत आली तरी नाही. एकीला अर्जंट लिहिलं की उद्यापासून सगळ्याच अर्जंट होतात, असं तिचं म्हणणं. या नियमापायी आमची चांगली चांगली गिऱ्हाइकं पलीकडच्या गल्लीत गेली, पण बाई हलली नाही.

आता माझं सांगते. चौदाव्या वर्षी माझी उजवी बाजू वाढली आणि डावी तशीच राहिली. वर्षभर वाट पाहिली, दोन वर्षं पाहिली, डावीनं काही मनावर घेतलं नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या छातीचं माप ओरडून सांगणाऱ्या आमच्या घरात माझ्या छातीबद्दल एक अक्षर कुणी काढलं नाही. एके सकाळी शाळेच्या कमीझमध्ये डावीकडं आतून कापसाची गोल गादी शिवलेली सापडली. आईनं शिवलेली. टाके इतके बारीक की नख फिरवलं तरी कळू नये. तेव्हापासून माझ्या प्रत्येक कपड्याला ती गादी आली. वीस वर्षं आम्हा मायलेकींचं या विषयावरचं बोलणं काय ते एवढंच.

ब्लाऊज कापताना कापड दुमडून घेतात. दोन पदर एकावर एक, खडूनं एकदाच आखायचं, एकदाच कात्री चालवायची, की डावी-उजवी दोन्ही कटोऱ्या सारख्या निघतात. शिवणकाम शिकायला आलेल्या पोरीला पहिल्या आठवड्यात हे येतं. मला माझा ब्लाऊज कधी असा कापता आला नाही. उजवी वेगळी आखायची, डावी वेगळी आखायची, वर आत गादीला जागा ठेवायची. दुसऱ्यांचे दिवसाला पाच पाच कापायचे आणि स्वतःच्या एकाला सगळी दुपार घालवायची. दरवेळी डोक्यात तिडीक जायची. लग्नाची दोन स्थळं आली होती, दोन्ही मीच काहीबाही कारण काढून परतवली. लोक म्हणाले, पोरगी लई आखडू आहे. म्हणू दे म्हटलं.

मग एक दिवस आमची एक जुनी गिऱ्हाईक हैदराबादला महिनाभर राहून परत आली. वहीत तिचं माप बत्तीस. आईनं टेप लावला आणि म्हणाली, छत्तीस. परत लावला. परत छत्तीस. आई टेपकडंच संशयानं बघायला लागली. आई आत पाणी आणायला गेली तेव्हा ती माझ्या कानाशी लागली आणि म्हणाली, "करून घेतलं गं." मी विचारलं, काय करून घेतलं? तिनं सांगितलं. मला वाटायचं असली ऑपरेशनं सिनेमातल्या बाया करतात. ही तर इथल्याच मोंढ्यात धान्याची आडत असलेल्या घरची सून! त्या दिवशी मी तिचा ब्लाऊज उलटा शिवला, बाह्या मागेपुढे करून. आनंदाच्या भरात, दुसरं काय. माझंही करता येईल, हा विचार डोक्यातून जाईना. चौतीस वर्षांची घोडी मी, आणि जत्रेला निघालेल्या पोरीसारखी उड्या मारत होते.

महिनाभर फोनवर हेच वाचलं. एवढं समजलं की नुसतं 'कॉस्मेटिक' पाटीवर लिहिलेलं पुरत नाही, प्लास्टिक सर्जरीची वेगळी मोठी डिग्री आहे का ते आधी बघायचं. आणि फोटो बघायचे, आधीचा आणि नंतरचा. लोक त्या फोटोत आकार बघत असतील. मी शिवण बघायचे. कुठून कापलंय, कुठं जुळवलंय, कडेला चुणी पडलीय का. काहींचं काम बघून वाटायचं, या माणसाला मी साधं फॉल लावायला पण देणार नाही.

पहिल्यांदा नांदेडातच एकाकडं गेले. बाहेरच्या बाकावर आमची गिऱ्हाईक बसलेली! तिनं विचारायच्या आधीच मी सांगून टाकलं, अंगावर चट्टे आलेत. डॉक्टरनं माझ्याकडं पाहिलं असेल नसेल. मिस्टरांचं काय म्हणणं आहे, असं विचारलं. लग्न झालेलं नाही म्हटल्यावर म्हणाले, मग थोडी मोठीच साईज टाकू दोन्हीकडं, पुढं उपयोगी पडेल. माप घेतलं नाही, टेप काढला नाही, उजवीला मला हातही लावू द्यायचा नाही हे ऐकून घेतलं नाही. माझ्या नाकाला असल्या मिरच्या झोंबल्या. माप न घेता कापायला निघालेला माणूस माझ्या दुकानात एक तास टिकला नसता. मी पर्स उचलली आणि निघाले.

मग लातूर. तिथं एक बाई डॉक्टर आहेत असं कळलं, डिग्री होती, फोटोतली शिवणही स्वच्छ होती. आईला सांगितलं, अस्तर आणायला जाते. ती म्हणाली, अस्तर नांदेडात मिळत न्हाई काय? मी म्हटलं, तिकडं स्वस्त आहे. लोहा, अहमदपूर, चाकूर करत एसटी साडेतीन तास घेते. त्या साडेतीन तासांत मी काय काय बोलायचं ते मनात दहा वेळा म्हणून बघितलं. लातूरला उतरले ती चहाही न घेता थेट दवाखान्यात गेले.

डॉक्टरीणबाईंनी आधी विचारलं, "तुम्हाला काय हवंय?" दिवसातून वीस वेळा मी हाच प्रश्न बायकांना विचारते, आज तो मला कुणीतरी विचारला. मग म्हणाले, "मला माझा ब्लाऊज कापड दुमडून एकदाच कापायचाय." त्यांना कळलं नाही. मी त्यांच्या टेबलावरचा कागद घेतला, दुमडला आणि बोटांची कात्री करून कापल्यासारखं दाखवलं. त्यांनी तो कागद उलगडून पाहिला. मग उठल्या आणि ड्रॉवरमधून टेप काढला. टेपचं टोक अंगठ्याखाली घट्ट धरलं, ताणलं नाही, ढिलं सोडलं नाही. गळ्याच्या खळीपासून दोन्हीकडचं, मग रुंदी, मग खालची घडी. प्रत्येक माप दोनदा घेतलं आणि स्वतःच्या हातानं लिहिलं. मी आयुष्यात पहिल्यांदा टेपच्या आतल्या बाजूला उभी होते आणि मला रडू येत होतं, हसूही येत होतं. तिथंच ठरवलं. कापून घ्यायचं तर हिच्याकडूनच.

त्यांनी गोडगोड काहीच सांगितलं नाही. उजवी तशीच ठेवू, डावीत इम्प्लांट घालू, पण दोन्ही तंतोतंत सारख्या होणार नाहीत म्हणाल्या. मी म्हटलं, मॅडम, हजार बायकांची मापं घेतली, तंतोतंत दोन्ही बाजू अजून एकीच्याही पाहिल्या नाहीत. त्या खळखळून हसल्या. मी आपली सवयीनं विचारून बसले, आत थोडा दाब ठेवाल ना, पुढं ढिलं करता येईल असा? कपड्यात आम्ही शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतो, त्याला दाब म्हणतो. त्या म्हणाल्या, कातडीत दाब ठेवता येत नाही, आहे तेवढ्यातच बसवायचं. माझीच मला लाज वाटली, पण बाईंनी तो प्रश्नही लिहून घेतला.

मग तयारीची यादी. दोन्ही बाजूंची सोनोग्राफी, रक्त, छातीचा फोटो, भूल देणाऱ्या डॉक्टरांची तपासणी. तंबाखू बंद. मी म्हटलं, मी कुठं खाते? त्या म्हणाल्या, मिश्री? झालं. आमच्याकडं सकाळची मिश्री म्हणजे दात घासणं असतं, त्याला कुणी तंबाखू म्हणतं का! आई लावते, तिचं बघून मी लावते. त्या म्हणाल्या, महिनाभर आधीपासून बंद, नाहीतर जखम भरायला त्रास. आणि शेवटची अट. ऑपरेशननंतर काही दिवस हात वर करता येणार नाही, मशीन तर लांबच. घरातलं एक माणूस सोबत पाहिजे, आणि ते माणूस आधी येऊन भेटलं पाहिजे. सोबत नसेल तर तारीख नाही. त्यांनी विचारलं, घरी कोण आहे? मी म्हटलं, आई. त्या म्हणाल्या, मग आईला घेऊन या.

एवढी एकच गोष्ट माझ्याच्यानं होत नव्हती. छाती कापून घ्यायची तयारी होती, पण आईला सांगायची नाही. कारण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की तू वीस वर्षं डोळे फोडून शिवलेल्या गाद्या मला पुरल्या नाहीत? ती वाईट माणूस असती तर बरं झालं असतं, भांडून मोकळी झाले असते. डॉक्टरीणबाईंना मात्र मी हो म्हणून बसले, आणि लग्नसराई संपल्यावर आषाढात, काम ढिलं असतं तेव्हाची कच्ची तारीख घेतली, आईला आणलं की पक्की होणारी. परतीच्या गाडीत मी इतकी खूश होते की अहमदपूरला शेजारच्या अनोळखी बाईला, लातूरच्या स्टँडवर घेतलेल्या अर्धा किलो पेढ्यांतले निम्मे देऊन टाकले.

घरी आले आणि मला दम निघेना. मिश्री सोडली. पहिले चार दिवस डोकं असं ठणकलं की गिऱ्हाइकांवर खेकसले. आईनं विचारलं, कामून लावत न्हाईस? मी म्हटलं, दात पिवळे होतात. मग वजनाची सवय. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, इम्प्लांटच्या वजनाची डाळ पिशवीत भरून ब्रामध्ये घालून घरी वावरून बघा, जड होतं का ते कळेल. मी लातूरहूनच तूरडाळ आणली होती. पण पिशवी शिवायला धीर कुठं! कच्चा टाका घालून मोकळी झाले, आणि भर दुकानात, शाळेतल्या बाईंचं माप घेताना, पिशवी उसवली. ब्लाऊजमधून डाळ सांडायला लागली. बाई बघतायत, आई बघतेय, मी एका हातानं छाती दाबून उभी. म्हटलं, दळायची पिशवी काखेत धरली होती. काखेत पिशवी कोण धरतं? आईनं केरसुणी घेतली आणि डाळ गोळा केली. शिवणारणीची शिवण उसवली याचीच मला जास्त शरम वाटली.

आणि मग मी एक चूक केली. एका दुपारी आई देवळात गेली होती. माझ्याकडं अबोली रंगाचं रेशमी कापड तीन वर्षं पडून होतं. ते काढलं. दुमडलं. खडूनं एकदाच आखलं, उजवीच्या मापावर, आणि एकदाच कात्री चालवली. पदर उलगडले तर दोन कटोऱ्या, अगदी सारख्या. मी एकटीच वेड्यासारखी हसत होते. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, मी तुकडे टेबलाच्या कोपऱ्यात सरकवले, आणि त्या आनंदात विसरून गेले.

दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी करून घरी आले तर आई टेबलाशी उभी. तिच्यापुढं अबोली तुकडे मांडलेले, पाठ, बाह्या, दोन्ही कटोऱ्या.

"हा कुणाचाय?"

मी म्हटलं, एका गिऱ्हाइकाचा.

"चिठ्ठी कुठाय?"

मी टाचण्यांची डबी शोधायला लागले.

"पाठ तुझी हाय," आई म्हणाली. "बाही तुझी हाय. पुढून ही कोण हाय?"

तिला माझं माप घ्यायची कधी गरजच पडली नव्हती. नजरेनंच ओळखते. मग मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, हैदराबादपासून डाळीपर्यंत, एका दमात. आई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं. ती बाह्यांचे तुकडे घडी घालत राहिली आणि म्हणाली, "माझं शिवलेलं कधी कुणाला दिसलं का गं?"

"न्हाई आई. एकदाबी न्हाई. पर आंघोळीला जाताना ते काढून ठेवावं लागतं की."

आई आत निघून गेली. दोन दिवस ती माझ्याशी फक्त आकडे बोलली. तिनं आकडा म्हणायचा, मी लिहायचा. माझा जीव टांगणीला लागला होता. तारीख जवळ आली होती आणि सोबत यायला जगात दुसरं कुणी नव्हतं. मला तिचा रागही आला आणि तिची कीवही आली. मनात ठरवून टाकलं, फोन करून तारीख रद्द करायची. फोन दोनदा हातात घेऊन ठेवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी आई मशीनपाशी आली आणि तिची मिश्रीची डबी माझ्यापुढं ठेवली. म्हणाली, ही पण फेकून दे, घरात वास असला की तुझी सुटायची न्हाई. चाळीस वर्षांची सवय तिची. मी तिच्या तोंडाकडं बघतच राहिले. ती लगेच वैतागली, म्हणाली बघत काय बसलीस, आणि ती डॉक्टरीण कोण हाय मला बघू दे एकदा.

लातूरला आई ठेवणीतलं लुगडं नेसून आली आणि डॉक्टरीणबाईंसमोर ताठ बसली. नमस्कार झाला की लगेच विचारलं, टाका कुठून घेणार? त्यांनी कागदावर काढून दाखवलं, खालच्या घडीत, उभं राहिलं की झाकलं जातं. आतून किती पदर शिवणार? तीन, त्या म्हणाल्या. तुमच्या हातचं दाखवा, आई म्हणाली. त्यांनी एक फोटो दाखवला. आईनं पदरानं चष्मा पुसला आणि फोटो इतका वेळ बघितला की मला घाम फुटला. मग म्हणाली, "बरं हाय." इतक्या वर्षांत माझ्या शिलाईला तिनं हे चारदा म्हटलं असेल. डॉक्टरीणबाईंनी धोकेही सगळे सांगितले. आत घट्टपणा येऊ शकतो, पू होऊ शकतो, बधिरपणा राहू शकतो, काही वर्षांनी ते बदलावं लागू शकतं. आई म्हणाली, म्हणजे उसवून परत शिवायचं. कोण शिवणार? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मी आहे तोवर मीच. आईला ते पटलं, कारण आमच्या दुकानातही आम्ही आमचं शिवलेलं दुसऱ्याला उसवू देत नाही.

येताना अहमदपूरला गाडी थांबली. चहा पिता पिता आई म्हणाली, "चौदाची व्हतीस, तवाच न्यायला पाह्यजे व्हतं का तुला दवाखान्यात?" तिचे डोळे भरले होते. मी तिचा हात धरला आणि सांगितलं, तेव्हा तुला शिवता येत होतं, तू शिवलंस. त्या गाद्यांवर मी शाळा केली, दुकान केलं, सगळं केलं. तिनं चहाचा कप पालथा घातला आणि म्हणाली, चल, गाडी सुटंल.

निघायच्या दिवशी सकाळी पिशवी भरून तयार होती. पुढून बटणांचे सैल सुती झगे आईनं चार शिवले होते, रिपोर्टांची फाईल होती. मी आनंदानं एका जागी ठरत नव्हते, तीनदा कुलूप शोधलं, ते हातातच होतं. आईनं हाक मारली, "आरशासमोर उभी ऱ्हा." तिच्या गळ्यात टेप होता. वही माझ्यापुढं सरकवून म्हणाली, वर नाव लिही. मी माझं नाव लिहिलं. मग ती आकडे म्हणत गेली, मोठ्यानं, गिऱ्हाइकाचे म्हणते तसे. खांदा. पाठ. बाही. मुंढा. छातीशी आली तेव्हा टेप माझ्याभोवती फिरवला, आणि आकडा न म्हणता काढून घेतला. म्हणाली, ही जागा कोरी ठेव. सूज उतरल्यावर भरू.

वही मिटायला टेबलाशी गेले तर अबोली ब्लाऊजचे तुकडे घडी घालून ठेवलेले होते. वर टाचणीनं चिठ्ठी लावलेली. चिठ्ठीवर आईच्या वाकड्यातिकड्या अक्षरात माझं नाव होतं, आणि कधी हवा त्या जागी तिनं लिहिलं होतं, अर्जंट.